गेम कन्सोलला रंग द्यायचाय? स्प्रेचा डबा विकत घेण्याआधी हे वाचा

कन्सोल रंगवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी शेड कार्ड उघडतात. लाल घ्यावा की निळा, मॅट की चकचकीत. खरं तर शेड सगळ्यात शेवटी ठरवायची. त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: बॉडी कुठल्या प्लास्टिकची आहे, त्या भागाला हात किती लागणार, आणि रंग मारायच्या दिवसांत हवा कशी असणार. यांची उत्तरं हातात असतील तर दुकानातले बरेचसे डबे आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून शेड निवडणं सोपं होतं.

भिंत, ग्रिल, लाकूड यांच्या रंगकामाचा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही. लोखंड रंगाखाली मुकाट बसतं, प्लास्टिक मात्र रंगातल्या थिनरशी भांडतं. कधी विरघळतं, कधी तडकतं, तर कधी रंगाला धरूनच ठेवत नाही.

१. सुरुवात कशापासून करायची

पहिल्या प्रयोगासाठी प्लेस्टेशन २ चांगला. मार्च २००० मध्ये जपानमध्ये आलेला हा कन्सोल जगभर इतका खपला की बंद पडलेले नग अजून सहज मिळतात. बॉडी उघडायला साधा फुली स्क्रू-ड्रायव्हर पुरतो (स्क्रूवरची रबरी आणि प्लास्टिकची झाकणं तेवढी आधी काढावी लागतात). मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे नुसती रिकामी बॉडी मिळाली तर उत्तमच.

प्लेस्टेशन ५ असेल तर आणखी सोपं. त्याची बाजूची पांढरी कव्हर्स स्क्रू न काढता हाताने निघतात. २०२२ पासून सोनी स्वतःच रंगीत कव्हर्स वेगळी विकते, म्हणजे रंगकाम फसलं तरी कन्सोलला धोका नाही.

गेम बॉय रंगवायचा असेल तर मूळ बॉडीला हात लावू नका. बाजारात नवी सुटी बॉडी मिळते, ती रंगवा आणि मूळ बॉडी पिशवीत जपून ठेवा. जुन्या कन्सोलच्या शौकिनांना मूळ रंगातला नगच हवा असतो. रंगवलेला नग कितीही सुंदर दिसला तरी त्याचा भाव उतरतो. आणि नव्वदीच्या दशकातला कॅसेटवाला व्हिडिओ गेम माळ्यावर पडला असेल, तर सरावाला त्याच्यासारखा गिऱ्हाईक नाही.

वॉरंटीत असलेली वस्तू उघडू नका, हे वेगळं सांगायला नको.

२. प्लास्टिक ओळखा

बॉडी उघडल्यावर आतल्या बाजूला बारीक उठावदार अक्षरं शोधा. दोन कोनी कंसांमध्ये प्लास्टिकचं नाव लिहिलेलं असतं. बहुतेक कन्सोल आणि कंट्रोलरवर ‘एबीएस’ सापडेल, काहींवर ‘पीसी अधिक एबीएस’ आणि काही स्वस्त बॉड्यांवर ‘पीएस’ म्हणजे पॉलिस्टायरीन. या तिन्हींवर रंग नीट बसतो.

अडचण ‘पीपी’ आणि ‘पीई’ची. बादल्या आणि डबे ज्याचे बनतात ते हे मेणचट प्लास्टिक. त्यावर कुठलाच रंग सरळ टिकत नाही, खास प्रायमर लागतो. खूण सापडली नाही तर एखादा सुटा तुकडा पाण्यात टाका. पीपी आणि पीई तरंगतात, एबीएस आणि पॉलिस्टायरीन बुडतात.

पारदर्शक बॉडी पुष्कळदा पॉलिकार्बोनेटची असते. ती आतून रंगवायची. बाहेरची चमक प्लास्टिकचीच राहते आणि नखाने ओरखडा पडला तरी रंगाला काही होत नाही. त्यासाठी पॉलिकार्बोनेटचे वेगळे रंग येतात. तामिया कंपनीची ‘पीएस’ मालिका त्यासाठीच आहे. इथे गंमत अशी, की डब्यावरचं ‘पीएस’ आणि प्लास्टिकवरचं ‘पीएस’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तामियाचे ‘पीएस’ डबे एबीएस किंवा पॉलिस्टायरीनवर वापरायचे नाहीत. त्यांच्यासाठी त्याच कंपनीची ‘टीएस’ मालिका आहे. ऑनलाइन मागवताना एका अक्षराने फसगत होते, म्हणून नाव दोनदा वाचा.

जुनी पांढरी किंवा करडी बॉडी पिवळी पडली असेल तर त्यामागे ऊन, काळ आणि प्लास्टिकमध्ये आग पसरू नये म्हणून घातलेली ब्रोमीनयुक्त रसायनं असतात. रंग देणार असाल तर ती आधी पांढरी करत बसायची गरज नाही. पण असं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, तेव्हा स्क्रू बसतात ते खांब जपा.

३. रंगांच्या जाती

दुकानात गेलात की संवाद ठरलेला असतो. ‘काका, हा प्लास्टिकवर चालेल ना?’ ‘सगळ्यावर चालतो, दादा. लोखंड, लाकूड, प्लास्टिक, काहीही रंगवा.’ काका खोटं बोलत नाहीत, डब्यावर तसंच छापलेलं असतं. पण ‘सगळ्यावर चालतो’ म्हणजे सगळ्यावर लागतो. टिकतो का, ते आत कुठल्या जातीचा रंग आहे यावर ठरतं.

*लॅकर.* हा थिनर उडून गेला की सुकतो, दहा-पंधरा मिनिटांत हाताला लागेनासा होतो. आत दुसरी कुठलीही प्रक्रिया होत नाही, त्यामुळे पुन्हा थिनर लागला तर पुन्हा विरघळतो. याचाच एक फायदा असा, की नवा हात जुन्या हातात मुरतो आणि थर एकजीव होतात. चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतं. अ‍ॅक्रिलिक लॅकर एबीएसला किंचित चावतो, आणि म्हणूनच चांगला धरतो. पण जाड मारला तर तोच चावा प्लास्टिक खराब करतो. बारीक रेघांचे तडे आणि विरघळलेल्या कडा दिसल्या तर दोष बहुधा रंगाचा नसतो, ओल्या जाड हाताचा असतो.

*इनॅमल*, म्हणजे आपला ऑईलपेंट. हा आधी थिनर उडून सुकतो आणि मग हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू पक्का होतो. हे दुसरं काम दिवसेंदिवस चालतं. थंड किंवा दमट हवेत आठवडेही लागतात. चमक सुंदर येते, प्लास्टिकला चावत नाही. पण वरून सुकलेला दिसतो आणि आत मऊ असतो, म्हणून अंगठ्याचे ठसे घेतो. दाराच्या ग्रिलला हे चालतं. कंट्रोलरला चालत नाही.

*पाण्याचे अ‍ॅक्रिलिक.* कॅमल, फेव्हिक्रिल वगैरे शाळेच्या चित्रकलेपासून ओळखीचे रंग याच जातीचे. कागद, कापड आणि कॅनव्हासवर ते छान काम करतात. गुळगुळीत एबीएसवर थेट लावले तर पापुद्रा निघतो. प्रायमरवर बारीक नक्षी किंवा अक्षरं काढायला मात्र यांच्यासारखे नाहीत. वास नाही, ब्रश पाण्यात धुता येतो. नक्षी यांनी काढा आणि वर क्लिअरचं, म्हणजे पारदर्शक थराचं, संरक्षण द्या. सबंध बॉडी यांनी रंगवू नका.

*टू-के*, म्हणजे रंग किंवा क्लिअरमध्ये वेगळा हार्डनर मिसळून मारायचा प्रकार. गाड्यांवर असतो तो हाच. रसायनं एकमेकांशी जोडली जाऊन पक्का थर बनतो, तो थिनरलाही दाद देत नाही. टिकाऊपणात याला तोड नाही. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. घरच्या बाल्कनीत हे काम करू नका. हवं असेल तर गाड्या रंगवणाऱ्याकडून करून घ्या, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

*प्लास्टिक-विनाइलचा डाय.* गाडीच्या आतल्या प्लास्टिकचा रंग बदलायला वापरतात तो. अगदी पातळ बसतो, त्यामुळे बॉडीचा मूळ खरखरीत पोत जसाच्या तसा राहतो. फिकटावर गडद रंग द्यायला चांगला, उलटं सहसा जमत नाही. सर्रास मिळत नाही, पण मिळाला तर दाणेदार बॉडीचा कंट्रोलर काळा करायला मी हाच घेईन.

आता खरी पंचाईत. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या डब्यावर यातली जात बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते. ती ओळखायची पुढच्या हाताच्या वेळेवरून. ‘दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात’ असं असेल तर लॅकर समजा. ‘एका तासाच्या आत, नाहीतर चोवीस तासांनंतर’ असं काही असेल तर तो इनॅमल. वेळ दिलेलीच नसेल तर तो डबा फळीवरच राहू द्या.

नवख्यांसाठी माझं मत सरळ आहे: प्लास्टिक प्रायमर, त्यावर अ‍ॅक्रिलिक लॅकर आणि वर त्याच कंपनीचा लॅकर क्लिअर. रंगांचा शौक वाढला की बाकीचं करून बघा.

४. एकमेकांवर चालणारे थर

रंगकाम बिघडण्याची निम्मी कारणं इथे असतात. प्रत्येक डबा एकटा चांगला असतो. एकावर एक आले की भांडण सुरू होतं.

मुख्य नियम: लॅकर इनॅमलवर मारू नका. लॅकरचा जहाल थिनर खालच्या अर्धवट पक्क्या ऑईलपेंटला फुगवतो आणि काही मिनिटांत सगळ्या पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. त्या घासून जात नाहीत, सगळा रंग उतरवावा लागतो. उलट क्रम, म्हणजे पूर्ण सुकलेल्या लॅकरवर इनॅमल, चालतो. लॅकरवर पाण्याचे अ‍ॅक्रिलिकही चालतात. त्यांच्यावर लॅकर क्लिअर द्यायचा असेल तर पहिले दोन-तीन हात नुसते धुक्यासारखे उडवायचे आणि मध्ये पुरेसा वेळ द्यायचा.

इनॅमलवर इनॅमल मारतानाही सुरकुत्या येतात, डब्यावरची वेळ पाळली नाही तर. तासाभरात दुसरा हात द्या, नाहीतर डब्यावर सांगितलेले चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास थांबा. मधल्या वेळात हात लावलात की संपलं.

प्रायमरच्या बाबतीतही एक गोंधळ असतो. एक प्रायमर चिकटवणारा असतो, पारदर्शक आणि अगदी पातळ. पीपी आणि गुळगुळीत प्लास्टिकला त्याचीच गरज. दुसरा भरणारा, करडा आणि दाटसर, बारीक ओरखडे बुजवून एकसारखा तळ देणारा. नीट घासलेल्या एबीएसला पुष्कळदा दुसरा एकटाच पुरतो, फक्त त्यावर ‘प्लास्टिकसाठी’ असं हवं. लोखंडाचा तांबडा रेडऑक्साइड इथे कामाचा नाही.

तळाचा रंगही बघा. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग झाकण्यात कच्चे असतात. करड्यावर मळकट दिसतात म्हणून ते पांढऱ्या तळावर द्या. आरशासारख्या क्रोम रंगाला चकचकीत काळा तळ लागतो.

५. हात कुठे लागतो ते बघा

कन्सोल फडताळात बसतो, त्याला आठवड्यातून दोनदा बोट लागतं. कंट्रोलर मात्र तासन्‌तास घामेजल्या तळव्यांत असतो, आणि हातांना चिवड्याचं तेल असतंच. दोघांना एकच रंगव्यवस्था देणं चूक आहे.

कन्सोलच्या बॉडीला कुठलाही फिनिश द्या, अगदी मॅटसुद्धा. कंट्रोलरला मॅट देऊ नका. मॅटचा खरबरीतपणा बोटांनी घासून गुळगुळीत होतो आणि जिथे अंगठे टेकतात तिथे तेलकट चकाकणारे डाग पडतात. पूर्ण चकचकीत दिला तर घामाने सटकतो आणि ठसे उमटतात. मधला सॅटिन फिनिश कंट्रोलरला बरा. जिथे तळहात टेकतो तो भाग न रंगवता काळाच ठेवायचा आणि फक्त वरचा पुढचा भाग रंगवायचा, हीही चांगली युक्ती आहे. दोन रंगांचा कंट्रोलर दिसतोही झकास.

बटणं आणि डी-पॅड (दिशांचं फुलीसारखं बटण) शक्यतो रंगवूच नका. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून होणारी जाडी डोळ्याला दिसत नाही, पण बटण आणि भोक यांच्यातली फट त्याहून फार मोठी नसते. दोन्हीकडून रंग चढला की बटण दाबलेलंच राहतं. रंगीत बटणं हवी असतील तर ती तयार विकत मिळतात.

बिनतारी कंट्रोलर असेल तर खऱ्या धातूच्या चुऱ्याचे रंग, विशेषतः क्रोम, अँटेनाच्या जागी जाड देऊ नका. सिग्नल कमजोर होऊ शकतो.

६. सामान

- प्लास्टिक प्रायमर, रंग आणि क्लिअर, शक्यतो एकाच कंपनीचे. हातात मावणाऱ्या गेम बॉयसारख्या कन्सोलला १०० मिलीचा रंगाचा डबा पुरतो. जाड्या पीएस२ साठी (प्लेस्टेशन २ चं पहिलं, मोठं मॉडेल) ४०० मिलीचा घ्या. रंग अर्ध्यात संपला आणि दुसऱ्या खेपेतली शेड किंचित वेगळी निघाली की इलाज नाही.
- वॉटर पेपर: ४००, ६००, ८००, १००० आणि शेवटच्या पॉलिशला १५०० किंवा २००० नंबरचा.
- भांड्यांचा लिक्विड साबण, जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड.
- चांगली मास्किंग टेप. पिवळी स्वस्त टेप कडेने रंग आत घेते.
- स्क्रू-ड्रायव्हर. पीएस२ ला फुली, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आणि स्विचच्या जॉय-कॉनला तीन पात्यांचा ट्राय-विंग, एन६४ (निन्टेन्डो ६४) आणि गेमक्यूबला ४.५ मिमीचा गेमबिट, एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरला मध्ये भोक असलेला टी८.
- ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क आणि नायट्राइल हातमोजे. कापडी मास्क किंवा एन९५ थिनरची वाफ अडवत नाही.
- मोठं पुठ्ठ्याचं खोकं, बांबूच्या काड्या, चिमटे, दुहेरी टेप.

स्प्रेचे डबे ज्वलनशील असल्याने विमानाच्या कुरिअरने सहसा येत नाहीत. ऑनलाइन मागवलेत तर आठवडाभर जास्त धरून चाला.

७. उघडणं आणि झाकणं

प्लग काढून काही वेळ थांबा, मगच उघडा. ज्या कन्सोलचा पॉवर सप्लाय आतच असतो (जाडा पीएस२ त्यातलाच) त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज राहू शकते. त्या बोर्डाला बोट लावायचं नाही. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, ते इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमाने ठेवले की परत लावताना शोधाशोध होत नाही. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर बॉडीला आतून छिद्र पडतं.

बोर्ड, पंखा, रबर, स्प्रिंगा, काचा सगळं बाहेर काढा. नुसतं प्लास्टिक उरलं पाहिजे. बोर्ड आत ठेवून टेप लावून फवारणं हा आळस महागात पडतो. मग टेप लावा: दोन भाग जिथे एकमेकांत बसतात ती कड, स्क्रूचे खांब, बटणांच्या भोकांची आतली भिंत, सिरीयल नंबरचं लेबल, इन्फ्रारेडची काळी खिडकी. हवेच्या जाळीत रंग साठून ती बुजणार नाही याकडे लक्ष द्या.

८. धुणं, घासणं, अस्तर

आधी धुणं, मग घासणं. उलट केलंत तर वरचं तेल ओरखड्यांत घासून बसवाल. सेकंडहँड विकणारे कधी कधी चमक यावी म्हणून डॅशबोर्ड पॉलिश मारतात. त्यातल्या सिलिकॉनवर रंग पसरत नाही, जागोजागी बारीक गोल खळगे पडतात. नव्या सुट्या बॉडीवरही साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर असतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, दोनदा. मग पूर्ण वाळवा.

अ‍ॅसिटोनने पुसू नका. ते एबीएस विरघळवतं. एनसी थिनरही त्याच पंगतीतला. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही ओलं कापड फिरवून लगेच कोरडं करायचं.

घासणं म्हणजे प्लास्टिक काढून टाकणं नाही, फक्त चमक मारायची आहे. गुळगुळीत बॉडीला ६०० पुरतो. मूळ दाणेदार पोत सपाट करायचा असेल तर ४०० पासून सुरू करा आणि मनगटाची तयारी ठेवा. खोल ओरखड्यांत लांबी (पुट्टी) भरायची असेल तर प्लास्टिकची भरा, पातळ थरांत. घासून झालं की पुन्हा धुवा, अल्कोहोलने पुसा, आणि त्यानंतर उघड्या बोटांनी स्पर्श करू नका.

प्रायमरचे दोन हलके हात, सुकल्यावर ८०० किंवा १००० ने अलगद घासणं. करड्या थरावर राहिलेले ओरखडे इथेच दिसतात. आत्ता दुर्लक्ष केलंत तर चकचकीत रंगाखाली ते दुप्पट दिसतील.

आणि एक कंटाळवाणी पण उपयोगी चाचणी: बॉडीच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावर प्रायमर, रंग, क्लिअर हे सगळं आधी क्रमाने मारून बघा. दोन-तीन दिवसांनी ब्लेडने बारीक फुल्यांची जाळी कापा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर तुमची जोडी जुळलेली नाही.

९. हवा बघून रंग मारा

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लॅकरला हात लावू नका, असं मी सांगेन. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरका धूसर पडदा येतो. काळ्या आणि गडद निळ्यावर तो फारच वाईट दिसतो. आलाच, तर कोरड्या दिवशी त्याच क्लिअरचा किंवा रंगाचा हलका हात मारल्यावर कधी कधी निघून जातो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असलेली बरी. छोटं हायग्रोमीटर स्वस्तात मिळतं, घेऊन ठेवा.

विदर्भात मे महिन्यात उलटी कथा. दुपारच्या कडक उन्हात रंग बॉडीवर पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि खरखरीत पावडर बसते. तिथे सकाळी लवकर काम उरका. आपल्याकडे सगळ्यात निवांत काळ म्हणजे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, ऊन वर आल्यापासून दुपारी चारपर्यंत. थंडीत डबा गार पडला तर कोमट पाण्याच्या बादलीत काही मिनिटं ठेवा. गॅसवर किंवा गरम पाण्यात कधीच नाही, डबा फुटतो.

जागा हवेशीर, पण वाऱ्याच्या झोतात नको. खोक्याची एक बाजू कापली की झाला स्प्रे बूथ. जवळ गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा काही नको. वाफ जमिनीलगत पसरते आणि पेट घेते. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडेही एक नजर असू द्या.

मारण्याची पद्धत: आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं डबा हलवा. २० ते ३० सेंटीमीटर अंतर. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करायचा, सरळ पुढे न्यायचा आणि बाहेर गेल्यावरच थांबवायचा. वस्तूवर थांबलात की ओघळ आलाच. मनगटाने गोलाई काढू नका, सगळा हात समांतर सरकवा. पहिला हात इतका हलका की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. नवख्यांना हेच सोसत नाही, एका हातात झाकायची घाई होते. तीन-चार हलक्या हातांत आपोआप झाकतं. कोपरे आणि कडा आधी, सपाट भाग नंतर.

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला तर बहुधा अंतर जास्त झालं किंवा हवा फार गरम होती. ओघळ आला तर पुसू नका, पूर्ण सुकू द्या, मग वॉटर पेपरने सपाट करा आणि पुन्हा हात द्या.

१०. सुकणं वेगळं, पक्कं होणं वेगळं

हाताला लागत नाही म्हणजे सुकला, एवढंच. लॅकर किमान दोन-तीन दिवस आणि इनॅमल दोन आठवडे तरी मोकळ्या हवेत ठेवा, मगच जोडणी. नाक चांगलं यंत्र आहे: रंगाचा वास येतोय तोवर आतून काहीतरी अजून उडतंय. लवकर स्क्रू आवळले तर दोन भाग कडेला चिकटतात आणि पुढे उघडताना रंगाचा तुकडा घेऊन येतात.

घाई म्हणून ओव्हनमध्ये किंवा मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका. एबीएस साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण पातळ झाकणं त्याच्या कितीतरी आधी वाकतात. वाकलेलं झाकण परत बसत नाही.

मास्किंग टेप मात्र रंग पूर्ण कडक होण्याआधीच, तिरकी ओढून काढा. शेवटचा क्लिअर पक्का झाला की १५०० किंवा २००० च्या पेपरने पाण्यात घासून रबिंग कंपाउंड मारलं की आरशासारखी चमक येते. हे फक्त चकचकीत फिनिशला. मॅट आणि सॅटिनवर कंपाउंड फिरवलं की तिथे डाग पडला.

११. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून करून घ्यायचं असेल तर

टू-के फिनिश हवा असेल तर हा चांगला रस्ता आहे. मोटारसायकलची साइड पॅनल्स पुष्कळदा एबीएसचीच असतात, त्यामुळे दुचाकी रंगवणाऱ्याला हे प्लास्टिक नवीन नसतं. बंपरसाठीचा प्लास्टिक प्रायमरही त्याच्याकडे असतो. एखाद्या गाडीचा त्याच दिवशी कालवलेला रंग चालत असेल तर काम स्वस्तात होतं.

त्याला मोकळी बॉडी न्या, पूर्ण कन्सोल नाही. धुणं, घासणं आणि टेप तुम्हीच करून न्या. त्याला एन६४ च्या खाचा कुठे असतात हे ठाऊक नसतं. आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा: थिनरने पुसायचं नाही, भट्टीत घालायचं नाही, हात पातळ ठेवायचे. गाडीच्या पत्र्याला जाड क्लिअर शोभतो. त्याच जाडीत कन्सोलचं डिस्कचं झाकण बंद होत नाही.

१२. जोडल्यानंतर

स्क्रू पूर्ण आवळण्याआधी सगळी बटणं दाबून बघा, झाकण उघड-बंद करून बघा, पंख्याला अडथळा नाही ना ते बघा. कुठे घासत असेल तर त्या कडेला १००० चा पेपर दोनदा फिरवला की पुरतं.

पहिला महिना कन्सोल पुसायला फक्त ओलसर मायक्रोफायबर वापरा. सॅनिटायझर आणि काच पुसायचे स्प्रे दूर ठेवा. त्यातलं अल्कोहोल लॅकर धूसर करतं आणि पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकची नक्षी तर पुसूनच टाकतं. रेक्झिनचं कव्हर किंवा मऊ प्लास्टिकची पिशवी घालून कन्सोल ठेवू नका. मऊ प्लास्टिकमधलं तेलकट द्रव्य रंगात उतरतं आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. धूळ नको असेल तर जुन्या सुती धोतराचा तुकडा टाका.